मथुराला ऐकू येणारी पावलं

या सदरात लिहिणारा जो तो सुरुवातीलाच सांगतो की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मीही तेच सांगणार आहे, हसलात तरी चालेल. भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात मी पस्तीस वर्षं क्वालिटी खात्यात काढली. मोठमोठ्या ओतीव भागांना मशीन लावायचं, आत कुठे तडा आहे का ते शोधायचं आणि असला तर पार्ट नापास करायचा, हे माझं काम. ‘मला वाटतं’ हे शब्द आमच्या रिपोर्टात चालत नाहीत. रीडिंग आलं का, आणि पुन्हा घेतल्यावर तेच आलं का... एवढंच विचारतात. घरात देव होते ते बायकोचे. मी त्यांना नमस्कार करायचो, कारण न केल्यास चहा उशिरा मिळायचा.

मी मूळचा सांगलीचा. नोकरीसाठी भोपाळला आलो आणि पिपलानीच्या टाउनशिपमध्ये राहिलो. मंदा, म्हणजे माझी बायको, इंदूरची. तिचं मराठी ऐकून माझी आई डोक्याला हात लावायची. ‘मी सब्जी चिरून राहिले’, ‘तुम्ही उगाच परेशान होऊन राहिले’... मी आयुष्यभर तिच्या वाक्यांच्या चुका काढल्या. ती म्हणायची, “ऑफिसात पार्ट नापास करता, घरी मला.”

आमचं एकच खरं भांडण होतं, ते भिकाऱ्यांवरून. माझं मत पक्कं होतं. भीक देणं म्हणजे भीक मागण्याला पगार देणं. धडधाकट माणसाने काम करावं, आणि ज्याला होत नाही त्याची सोय सरकारने लावावी. मी टॅक्स भरतो, माझं कर्तव्य तिथे संपलं. यावर मंदा म्हणायची, “सरकार येईल तेव्हा येईल हो. तोवर तो माणूस काय हवा खाऊन राहील?”

तो माणूस म्हणजे मथुरा. आमच्या गल्लीच्या टोकाला बस-स्टॉप आहे, त्याच्या बाजूच्या कडुनिंबाखाली तो बसायचा. सागरकडचा, जन्मापासून आंधळा, साठीच्या आसपासचा. संध्याकाळी मी ड्यूटीवरून आलो की आम्ही दोघं भाजी आणायला निघायचो आणि जाताना मंदा त्याच्यापाशी थांबायची. लांबून टाकणं तिला मंजूर नव्हतं. खाली उकिडवं बसायचं, पोळीची गुंडाळी त्याच्या हातात द्यायची आणि वर विचारपूस — “क्यों मथुरा, खाँसी कैसी है?” मी दहा पावलं पुढे जाऊन खांबावरच्या कोचिंग क्लासच्या जाहिराती वाचत उभा राहायचो. दहा वर्षांत त्या माणसाशी मी दहा वाक्यंही बोललो नसेन. त्याला मात्र आमची पावलं पाठ होती. आम्ही वळणावर आलो की तिथूनच ओरडायचा, “राम राम बाई साब, राम राम बाबूजी!” मंदाचं पाऊल ओळखणं अवघड नव्हतंच. एका लग्नात तिचा डावा घोटा मोडला होता, तेव्हापासून ती डावी चप्पल जराशी घासत चालायची.

मंदा गेली ती एका सकाळी. मी कारखान्यात होतो. स्वयंपाकघरात पडली, शेजारच्या वर्माजींनी हॉस्पिटलात नेलं, मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. मुलगी ऋचा पुण्याहून आली, पंधरा दिवस राहिली आणि नोकरी होती म्हणून परत गेली. मीच तिला जा म्हणालो.

नंतरच्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. आमच्या गल्लीतली निम्मी क्वार्टर्स तेव्हाच रिकामी झाली होती. जुने लोक रिटायर होऊन निघून गेलेले, नवी भरती जवळजवळ बंद. संध्याकाळी गल्लीत माझ्या आणि वर्माजींच्या घरात दिवा, बाकी अंधार. रविवारी सकाळी दूधवाल्याशी जे बोलणं व्हायचं त्यानंतर थेट सोमवारी गेटवरच्या गार्डशी. कधीकधी सोमवारी पहिला शब्द बोलताना घसा बसलेला असायचा.

आणि त्यात हा मथुरा. मंदाला जाऊन महिना झाला असेल, मी एकटाच बस-स्टॉपवरून चाललो होतो. त्याने विचारलं, “बाबूजी, बाई साब की तबीयत ठीक नईं क्या? दिखीं नईं.” आंधळा माणूस ‘दिखीं नईं’ म्हणतोय याचंही मला तेव्हा हसू आलं नाही. मी म्हणालो, “इंदौर गई हैं.” का म्हणालो, माहीत नाही. खरं सांगायला तोंडच उघडेना. मग रोज तोच प्रश्न — “कब आएँगी?” दोनतीनदा ‘आएँगी, आएँगी’ म्हटलं. मग मी रस्ताच बदलला. पार्काला वळसा घालून, लांबच्या वाटेने जायला लागलो.

आता माझ्या हातून जे झालं ते सांगतो.

आमच्या रहिवाशांची एक समिती होती आणि तिचा सेक्रेटरी मी. सरकारी हिंदीत अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा कोणी नाही असं सगळे म्हणायचे, मलाही त्याचा अभिमान होता. त्या महिन्याच्या मीटिंगमध्ये विषय निघाला की बाजारात आणि आसपास भिकारी फार झालेत. निवेदन द्यायचं ठरलं. मी घरी बसून लिहिलं, ‘सविनय निवेदन है कि’ पासून ‘आवश्यक कार्यवाही’ पर्यंत. सगळ्यांना मोघमच पत्र हवं होतं. मी माझ्या मनाने एक ओळ वाढवली, ‘विशेषतः बस-स्टॉप के निकट नीम के वृक्ष के नीचे स्थायी रूप से बैठने वाला व्यक्ति.’ भीक मागणं वाईट वगैरे तत्त्व त्यात काही नव्हतं. त्याने मला पुन्हा ‘कब आएँगी’ विचारू नये, एवढंच माझं कारण होतं. सही केली, शिक्का मारला, पत्र पाठवलं. अशा पत्रांना उत्तर येत नाही हा आमचा नेहमीचा अनुभव, त्यामुळे मी विसरूनही गेलो.

डिसेंबरात पाइपलाइनसाठी पार्काकडचा रस्ता खोदला. बस-स्टॉपवरून जाण्याशिवाय इलाज उरला नाही. संध्याकाळचे साडेपाच वाजले असतील, अजून उजेड होता. मी मनात ठरवलं होतं, विचारलंच तर सरळ सांगून टाकायचं. वळणावर आलो आणि तो ओरडला,

“राम राम बाई साब! बहुत दिन बाद!”

मी जागच्या जागी थांबलो. मागे पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं.

“बाबूजी, आप भी राम राम. ले आए इंदौर से?”

माझं डोकं फिरलं. मी त्याच्यापुढे जाऊन मोठ्याने म्हणालो, “मैं अकेला हूँ. बाई साब नहीं रहीं. दो महीने हो गए. समझे?”

त्याचा चेहरा पडला. हातातली काठी त्याने मांडीवर आडवी ठेवली. मग हळूच म्हणाला, “हओ बाबूजी. आप कह रहे हो तो होगा. पर आई तो हैं. बायाँ पाँव घिसट रहा है... वैसे ही.”

मी घरी आलो आणि त्या रात्री जेवलो नाही. राग येत होता. वाटलं, हा धंद्याचा भाग आहे. दुःखी माणूस दिसला की त्याला असं काहीतरी सांगायचं, मग तो कायमचा बांधला जातो. दुसऱ्या दिवशी मी त्याला पैसे दिले, असं ऐकवायचे तो किती घेतो ते बघावं म्हणून. त्याने ते कुणाचेही घेतले असते तसे घेतले, आशीर्वाद दिला आणि एक शब्द जास्त बोलला नाही. नंतरही कधी काही मागितलं नाही.

मग मी माझ्या पद्धतीने सुरू केलं. बूट बदलले. कॅनव्हासचे घातले, एकदा तर अनवाणी गेलो. वेळ बदलली. उलट्या बाजूने, बाजाराकडून आलो. कंपाउंडच्या भिंतीवरून माझ्याच पावलांचा आवाज परत येत असेल म्हणून भिंत नाही त्या बाजूने चाललो. वर्माजींना काही न सांगता बरोबर घेतलं, तर मथुरा म्हणाला, “आज तीन जने?” एकट्या वर्माजींना दूध आणायला पाठवलं आणि मी लांबून पाहत राहिलो. तेव्हा नुसतं, “राम राम वर्माजी.” प्रत्येक वेळी रीडिंग तेच. मी सोबत असलो की ती असायची, माझ्याशिवाय नाही. आणि मला स्वतःला कधीच काही ऐकू आलं नाही. कान टवकारून चालायचो, थांबायचो, पुन्हा चालायचो... काही नाही.

एक दिवस तो म्हणाला, “बाबूजी, जरा धीरे चला करो. बाई साब पीछे रह जाती हैं.”

तीस वर्षं मी तिच्यापुढे चार पावलं चालत आलो होतो. ती मागून म्हणायची, “अहो, मी काय धावून राहू का?” त्या दिवसापासून मी सावकाश चालायला लागलो. गल्लीतल्या लोकांना वाटलं, आपटे साहेब खचले. मला तर उलट दिवसभर त्या अर्ध्या तासाची ओढ असायची. ऑफिसात पाच वाजले की मी घड्याळाकडे बघत बसायचो. विश्वास होता का? नव्हता. पण जायचो, रोज.

तरीही एक प्रसंग असा घडला की त्याला माझ्याकडे काहीच उत्तर नाही. एका रविवारी कपाट आवरताना मला एक खोका सापडला. आत मंदाची नवी चप्पल, न वापरलेली, दुकानाची चिठ्ठी अजून आत. मी ती काढून दाराशी ठेवली. का, विचारू नका. घरात मी एकटाच. ऋचाला बोललो नाही, वर्माजींना नाही. संध्याकाळी बस-स्टॉपवर पोचलो तर मथुरा हसत होता. “बाई साब ने नई चप्पल पहनी है आज. कोरी है, चर-चर बोल रही है.”

मी तिथेच कडुनिंबाच्या ओट्यावर बसलो.

त्या आठवड्यात मला ते पत्र आठवलं. वाटलं, उद्याच जाऊन मागे घ्यावं. पण पत्र मागे घ्यायला समितीचा ठराव लागतो, आणि ठरावाला कारण लिहावं लागतं. काय लिहिणार होतो मी? सेक्रेटरींच्या दिवंगत पत्नी सदर व्यक्तीला ऐकू येतात, सबब? शिवाय अशा पत्रांवर कोण काय करतं, असंही मनाला समजावलं. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी दोन महिने काढले.

मार्चमध्ये एका दुपारी ऑफिसात माझ्या टेबलावर पाकीट आलं. ‘आपके पत्र के संदर्भ में सूचित किया जाता है’... कारवाई पूर्ण झाली होती. संध्याकाळी मी जवळजवळ धावतच गेलो. कडुनिंबाखाली झाडून चुना टाकला होता. चहावाल्याने सांगितलं, सकाळी गाडी आली, सगळ्यांना बसवून घेऊन गेली. कुठे, ते कोणालाच माहीत नव्हतं. कोणी म्हणे आश्रमात, कोणी म्हणे शहराबाहेर नेऊन सोडतात.

मी भाजी आणायला तसाच जात राहिलो, सावकाश. पण आता मंदा बरोबर आहे की नाही हे सांगणारं कोणी नव्हतं. ती गेली तेव्हासुद्धा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा माणसं येत-जात होती. या वेळी माझं काय गेलं ते सांगायलाही कोणी नव्हतं, आणि घालवणारा मीच होतो.

मग रविवारी स्कूटर काढून शोधायला लागलो. जवाहर चौक, देवळांच्या रांगा, बस-स्टँड, मशिदींच्या पायऱ्या. आयुष्यात पहिल्यांदा मी भिकाऱ्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. एकेकाचा चेहरा नीट बघायचा तर त्याच्यापुढे वाकावं लागतं, आणि वाकलं की तो हात पुढे करतो. मग रिकाम्या हाताने उठता येत नाही. एक म्हातारी म्हणाली, “कुछ मत दो बेटा, पर पूछ लिया, यही बहुत है.” मी तिला मथुराचं वर्णन सांगत होतो. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली.

चौथ्या रविवारी सकाळी तो सापडला. साकेत नगरात मोठं हॉस्पिटल आहे, त्याच्या गेटबाहेर फुटपाथवर. पेशंटांचे नातेवाईक, फळवाले, रिक्षावाले यांची ही गर्दी. मथुरा भिंतीला टेकून बसला होता, बराच वाळला होता. मी स्कूटर लावून त्याच्या दिशेने चालायला लागलो. मुद्दाम हळू चाललो, तिला गाठता यावं म्हणून.

“आओ बाबूजी,” तो म्हणाला. नुसतं एवढंच.

मी वाट पाहिली. मग मीच विचारलं, “मथुरा, मेरे साथ कौन है?”

“कोई नईं बाबूजी. आप अकेले हैं.”

“बाई साब?”

त्याने आपल्या डाव्या बाजूला, भिंतीच्या कडेला हात केला. तिथे दीड-दोन हात जागा मोकळी होती. एवढ्या गर्दीत तेवढीच.

“बाई साब तो यहीं हैं. उसी दिन गाड़ी में हमारे साथ चढ़ गई थीं. हमने बोला, बाई साब उतर जाओ, बाबूजी ढूँढेंगे. नईं मानीं.”

मी त्याच्यापुढे बसलो. पँटची इस्त्री, धूळ, कशाचं भान नव्हतं. त्याला सांगितलं, “वो चिट्ठी मैंने लिखी थी, मथुरा. तुम्हें उठवाने की.”

त्याने विचारलं, “आपने? अपने हाथ से?”

“हाँ.”

“अच्छा,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मग म्हणाला, “बाई साब कुछ बोलती तो हैं नईं. बस बैठी रहती हैं. हमने सोचा, आपसे कुछ कहा-सुनी हुई होगी.”

मंदा चिडली की अशीच करायची. भांडायची नाही, बोलणं बंद करायची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सलग नऊ दिवस बोलली नव्हती. दहाव्या दिवशी मी माफी मागितली होती, तीही स्वयंपाकघराच्या दाराआडून.

या वेळी आडोसा नव्हता. त्या मोकळ्या जागेकडे तोंड करून, सगळ्या लोकांसमोर मी मोठ्याने म्हणालो, “मंदा, चुकलो मी. चल घरी.”

शेजारचा फळवाला माझ्याकडे बघायला लागला. एक बाई घाईघाईने आत जात होती, तिने थांबल्यासारखं करून लांबूनच माझ्या मांडीवर एक नाणं टाकलं आणि पुढे गेली. मी ते उचललं नाही. मथुरा मान वाकडी करून ऐकत होता. मनापासून सांगतो, कुठल्याही रिपोर्टची मी एवढी वाट पाहिलेली नाही.

“उठी नईं, बाबूजी,” तो म्हणाला.

ही झाली हकीकत. तर्क मीही बरेच केलेत. मथुराला तिच्या पावलांची इतकी सवय होती की त्याच्या कानांना ती भास म्हणून ऐकू येत असतील. चप्पल हा योगायोग असेल. मी अपराधी होतो, म्हणून मला जे हवं तेच मी ऐकलं असेल. यातलं प्रत्येक स्पष्टीकरण एकेका प्रसंगाला लागू पडतं, सगळ्यांना एक असं नाही. आमच्या खात्यात अशा केसवर ‘कारण अज्ञात’ लिहून सही करतात. भीक द्यावी की देऊ नये, यावरचं माझं पक्कं मतही आता राहिलेलं नाही.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. ऋचाने पुण्यात माझी खोली तयार ठेवली होती, पडदेसुद्धा लावले होते. मी गेलो नाही. साकेत नगरात हॉस्पिटलजवळ एक खोली भाड्याने घेतली आहे. सकाळी दोन पोळ्या लाटतो, वेड्यावाकड्या, आणि मथुराकडे जाऊन तासभर बसतो. उठताना रोज एकदा ‘चल’ म्हणतो. मथुरा ऐकतो आणि मान हलवतो.

ऋचाचा दर रविवारी फोन येतो. विचारते, “बाबा, त्या भोपाळमध्ये आता तुमचं आहे तरी कोण?”